शिकलेलं नाही, आवाजही बेताचा: रियाजानं काही होईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात पेठेतल्या भजनी मंडळात मागच्या रांगेत गाणारे, कराओकेवर हौस भागवणारे आणि फक्त न्हाणीघरात मोकळे होणारे, या सगळ्यांचे प्रश्न फिरून तेच असतात. पट्ट्यांची नावं पेटीच्या हिशेबानं दिली आहेत. दोन काळ्यांच्या जोडीतली डावी ती काळी एक, उजवी काळी दोन; पुढच्या तिघींत काळी तीन, चार आणि पाच.

मुळात आवाजच वाईट असेल तर तो रियाजानं सुधारतो का?

‘आवाज वाईट’ म्हणताना माणसं चार-पाच वेगळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात बांधतात. सूर लागत नाही. वर गेलं की आवाज चिरतो. ओळ संपायच्या आधी दम संपतो. आवाज नाकातून येतो. आवाज घोगरा आहे. यातल्या पहिल्या चार तक्रारी रियाजानं बऱ्याच कमी होतात. घोगरेपणाचं कारण मात्र आधी शोधावं लागतं (त्याबद्दल पुढे).

फारशी बदलत नाही ती आवाजाची जात. स्वरतंतूंची लांबी प्रौढ पुरुषात साधारण १७ ते २५ मिलिमीटर आणि स्त्रीत १२ ते १७ मिलिमीटर असते. त्यात घशाची, तोंडाची पोकळी ज्याची त्याची. जाड आवाज रियाजानं बारीक होत नाही. पण ऐकणाऱ्याला खटकते ती जात क्वचितच. खटकतो तो कणसूर (किंचित हुकलेला सूर) आणि गळ्यावरचा ताण. भसाडा आवाज सुरात असेल तर लोक ऐकून घेतात. गोड आवाज बेसूर असेल तर दुसऱ्या कडव्याला चुळबुळ सुरू होते.

कोल्हापुरात याचं काही उदाहरण?

सगळ्यात मोठं उदाहरण इथलंच आहे. उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) १८९५ पासून शाहू महाराजांच्या दरबारी होते. त्याआधी आमलेटा संस्थानात असताना अतोनात गावं लागल्यानं त्यांचा आवाज गेला. कालांतरानं तो परतला, पण पूर्वीसारखा उरला नाही. मग त्यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी बांधली. एकेका आवर्तनात (तालाच्या फेरीत) गुंफलेल्या पेचदार, लयीला धरून चालणाऱ्या तानांची. जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख आज त्या गायकीवरूनच आहे. मात्र त्यांचा कान आणि तालीम आधीपासून पक्की होती, म्हणून त्यांना हे साधलं. आणि आवाज गेला तोही अतिरेकानंच, हे या गोष्टीचं दुसरं टोक. ते सांगायला लोक विसरतात.

मी बेसूर आहे. दोष कानाचा की गळ्याचा?

बहुतेकदा गळ्याचा, खरं तर कान आणि गळा यांच्यातल्या सवयीचा. दोन सुरांतला फरकच कळत नाही अशी माणसं असतात, पण त्यांचं प्रमाण दीड ते चार टक्के इतकंच धरलं जातं. घरच्या घरी तपासता येतं:

१. पेटीवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या कुणाला तरी एकामागून एक वाजवायला सांगा. पाठ करून उभं राहा. दुसरा सूर वर गेला की खाली, हे सांगा. असं वीस वेळा.

२. ओळखीच्या गाण्यात दुसरा कुणी चुकला तर तुम्हाला कळतं का, ते आठवा.

वीसपैकी सोळा-सतरा उत्तरं बरोबर आली आणि दुसऱ्याची चूक कळत असेल, तर कान ठीक आहे. गळ्याला नेमकं कुठं थांबायचं ते माहीत नाही, एवढंच. उत्तरं निम्म्याच्या आसपास असतील तर महिनाभर फक्त ऐकण्याचा सराव करा. आधी चार-पाच पट्ट्यांच्या अंतरानं, मग अंतर कमी करत.

माझी पट्टी कशी शोधायची?

या एका गोष्टीनं जितक्यांचा ‘वाईट आवाज’ बरा होतो तितका दुसऱ्या कशानं होत नाही. बहुतेकांनी आपली पट्टी (कुठल्या सुराला ‘सा’ धरून गायचं ते) शोधलेलीच नसते. ज्या पट्टीत पेटीवाला वाजवतो, तीच आपली.

दुपारनंतर, बोलून आवाज मोकळा झाला असेल तेव्हा बसा. (सकाळी उठल्या उठल्या आवाज खाली असतो, तेव्हा मोजलं तर पट्टी खोटी निघते.) मधल्या सोयीच्या सुरापासून ‘आ’ म्हणत एकेक पट्टी खाली या. आवाजात खरखर आली किंवा नुसती हवा येऊ लागली की थांबा. त्याच्या आधीचा शेवटचा स्वच्छ सूर तुमचा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) धरा. तिथून काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या वर चढा. तिथं तुमचा षड्ज, म्हणजे ‘सा’. उदाहरणार्थ, पुरुषाचा शेवटचा स्वच्छ सूर खालच्या सप्तकातली काळी चार असेल तर षड्ज काळी एक. बाईचा काळी दोन असेल तर षड्ज काळी चार.

आता वरचं टोक तपासा. या षड्जावरून तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) मान न ताणता जाता आलं, तर पट्टी बसली. गेलं नाही तर एक पट्टी खाली या. पुरुष बहुधा काळी एक ते पांढरी तीनच्या (काळी दोनच्या लगेच उजवीकडच्या पांढरीच्या) दरम्यान बसतात, बायका काळी तीन ते काळी पाचच्या दरम्यान. याच्या बाहेरचा आवाज असला म्हणून बिघडत नाही.

भजनी मंडळात गोची होते ती इथं. ढोलकी-टाळांवर आवाज चढावा म्हणून पेटी वरच्या पट्टीत धरतात. ज्यांना ती झेपत नाही ते किंचाळतात, नाहीतर एक सप्तक खाली घसरून पुटपुटतात. मंडळाची पट्टी बदलता येत नसेल तर खालच्या सप्तकात बिनधास्त गा. ते बेसूर नव्हे. सुराच्या अलीकडे अर्ध्यावर लोंबकळत राहणं मात्र बेसूर.

कराओकेवर बाईचं गाणं पुरुषानं म्हणायचं असेल तर ट्रॅक चार-पाच पट्ट्या खाली घ्या. बहुतेक अॅपमध्ये तशी सोय असते आणि कुणी वापरत नाही.

‘सा’ लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तानपुरा लावा आणि आधी अर्धा मिनिट गप्प बसून ऐका. मग तोंड मिटून हुंकार भरा. सूर खालून वर, सायकलच्या चाकात हवा भरल्यासारखा हळूहळू सरकवा. जवळ येताच दोन आवाजांत लाटा ऐकू येतील: वाँव-वाँव-वाँव. तानपुऱ्याचा षड्ज सेकंदाला १३९ कंपनांचा (काळी एक) आणि तुमचा १३६ चा असेल, तर सेकंदाला तीन लाटा येतात. जवळ जाल तशा लाटा संथ होतात. जिथं त्या थांबतात आणि तुमचा आवाज तानपुऱ्यात विरघळून स्वतःलाच ऐकू येईनासा होतो, तो ‘सा’.

तिथं पोचलात की तोंड उघडून ‘आ’ करा. सगळ्यांचा सूर नेमका इथं घसरतो, कारण जबडा उघडताना घशाची ठेवण बदलते. पुन्हा हुंकार, पुन्हा ‘आ’. दहा-बारा सेकंदांचा एक सूर, असे पंधरा. एका कानामागे तळहाताची ओंजळ धरली तर स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. जुने गवई कानाला हात उगाच लावत नसत.

मोबाइलवरचा ट्यूनर शेवटी पडताळणीला ठेवा. दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंट असतात. काटा दहा सेंटच्या आत राहिला तर उत्तम. काट्याकडे बघत गाऊ नका. डोळ्यांनी सूर धरायची सवय लागते आणि फोन बाजूला केला की सूर जातो.

पेटी पुरेशी आहे की तानपुराच हवा?

पलटे (सुरांचे ठरावीक क्रम) शिकताना पेटी उपयोगी. सूर लावायला तानपुरा. पेटीतले सूर समान अंतरावर वाटून बसवलेले असतात. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. शिवाय पेटी जोरात असली की तिच्या आडोशाला चूक लपते.

सुरुवातीला अॅपवरचा तानपुरा चालेल, पण फोनच्या बारीक स्पीकरमधून खर्ज (खालचा जाड सूर) ऐकूच येत नाही. छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडा. खरा घ्यायचा झाला तर मिरज पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि तिथल्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. फक्त आधी स्वतःची पट्टी ठरवा, मग जा. पुरुषी आणि जनानी तानपुरा वेगळा असतो, आणि चुकीचा घेतला तर तारा बदलूनही मनासारखा लागत नाही.

रोज किती वेळ आणि कोणत्या क्रमानं?

नवख्यानं चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नये. वीस-वीसचे दोन भाग केले तर आणखी बरं. रविवारी तीन तास आणि आठवडाभर काही नाही, हा प्रकार निरुपयोगी. गळ्याला दुखणं मात्र देतो.

पहिली पाच मिनिटं ऊबेची. ओठ सैल सोडून बैलगाडीवाल्यासारखी फुर्रर्र करा आणि ती करतच सूर वर-खाली न्या. ओठ थांबत असतील तर गालांना दोन बोटांनी आधार द्या. दुसरा उपाय: अर्धा पेला पाण्यात साधी स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून तिच्यातून ‘ऊ’ गा. पाण्याचा उलटा दाब येतो, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत, अलगद जुळतात. बुडबुडे सलग यायला हवेत. तुटले तर श्वास धक्क्यानं सुटतो आहे.

मग दहा मिनिटं ‘सा’, आणि त्याच्या खालचे नि, ध, प. पुढची पंधरा मिनिटं अलंकार. साधे आरोह-अवरोह, मग सारेग रेगम, मग सारेगम रेगमप. मिनिटाला साठ ठोके, एका ठोक्याला एक सूर. तीन दिवस एकही सूर न चुकता गेला तरच दुप्पट लय. नेमकं याच टप्प्यावर घाई होते. तीन आठवड्यांत दुगुणीत पळणारा माणूस रे आणि ध कायमचे उतरते करून बसतो, आणि ते परत चढवायला सहा महिने लागतात.

शेवटची दहा मिनिटं एक गाणं. एकच, महिनाभर. आधी फक्त ‘आ’ मध्ये चाल, मग शब्द.

साधारणपणे महिन्याभरात ‘सा’ हलायचा थांबतो आणि तीन-चार महिन्यांत सोपं भावगीत घरच्यांना ऐकवण्याजोगं होतं. कुणाला दुप्पट वेळ लागतो, त्यात विशेष काही नाही.

वर गेलं की आवाज चिरतो किंवा फाटतो. का?

खालच्या सुरांचं जाड वजन तसंच वर ओढून नेता म्हणून. काळी एकवर गाणाऱ्या पुरुषाला ही अडचण तार गंधाराच्या आसपास येते, काळी चारच्या बाईला मध्य धैवतापासून (मधल्या सप्तकातल्या ‘ध’पासून) पुढे. वर जाताना स्वरतंतू ताणून पातळ व्हावे लागतात. आपण उलट जोर लावतो, हनुवटी उचलतो, कंठमणी वर चढतो आणि वाट बंद होते.

आवाज निम्म्यावर आणा. ‘आ’ ऐवजी ‘ऊ’ घ्या आणि पंचमापासून तार षड्जापर्यंत घसरत जा-या करा. आरशात बघा: हनुवटी जागेवर आहे ना, मानेच्या शिरा फुगल्यात का? ‘ऊ’ नीट गेला की ‘ओ’, मग ‘आ’. सुरुवातीला वरचा आवाज पोकळ, लहान मुलासारखा वाटतो. वाटू द्या. दोन-तीन महिन्यांत त्याला अंग येतं. पोवाडा गाणाऱ्यांची खडी फेक ऐकून तशी लावायचा मोह इथं पुष्कळांना होतो. ती फेक कमावलेल्या गळ्याची असते. नुसत्या ओरडण्यानं ती जमत नाही.

दम पुरत नाही. प्राणायाम करू का?

करा, पण दम कमी पडतो तो छातीत हवा कमी म्हणून नव्हे. पहिल्या दोन शब्दांतच ती सांडून जाते. सतरंजीवर उताणे पडा, पोटावर जाड पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर, खांदे स्थिर. मग दातांतून ‘स्स्स्’ करत एकसारखी हवा सोडा. पंधरा सेकंदांपासून सुरू करून पंचवीसपर्यंत न्या. गळ्यापर्यंत ठासून श्वास भरू नका. तुडुंब भरलेल्या कळशीसारखा तो आधी हिंदकळतो.

आणि गाण्याच्या वहीत श्वासाच्या जागा पेन्सिलीनं खुणा करून ठेवा. निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

आवाज नाकातून येतो का, हे कसं कळेल?

‘आ’ गाताना चिमटीनं नाक दाबा. आवाज बदलला तर हवा नाकातून गळते आहे. जांभईची सुरुवात करा, टाळूची मागची बाजू उचलल्यासारखी वाटेल. ती तशी ठेवून ‘गा-गा-गा’ म्हणा. म, न, ण, ङ ही अक्षरं नाकातूनच येणार, त्यांना सोडून द्या.

पहाटे चारला खर्ज लावलाच पाहिजे का?

खर्जाचा रियाज चांगला. तो सावकाश, कमी आवाजात होतो. चार वाजताच हवा असं काही नाही. झोप मोडून केलेला रियाज सुजलेल्या तंतूंवर होतो. उठल्यावर तासाभरानं, कोमट पाणी पिऊन बसा. आणि खर्ज म्हणजे घसा दाबून काढलेली घरघर नव्हे. सूर जिथं खरखरतो त्याच्या खाली जायचं नाही.

तालमीतून आल्यावर लगेच गायलं तर चालेल?

तासभर थांबा. वजन उचलताना किंवा जोर मारताना आपण श्वास कोंडतो, तेव्हा स्वरतंतू एकमेकांवर घट्ट मिटतात. तीच मिटण्याची सवय गाण्यात उतरते आणि आवाज आवळलेला येतो. व्यायाम सोडायचा नाही. वजन उचलताना श्वास सोडत राहायचं. शाहू स्टेडियमवर पेठेच्या सामन्याला नव्वद मिनिटं बोंबललात तर मात्र दुसऱ्या दिवशी रियाज बंद ठेवा.

दही, चिंच, तिखट, थंड: काय सोडायचं?

अन्न अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना शिवत नाही. त्यामुळे दह्यानं आवाज ‘बसतो’ असं सरसकट म्हणता येत नाही. तुम्हाला कफ होत असेल तर टाळा. खरा त्रास उशिरा जेवण्याचा. रात्री अकराला तांबडा रस्सा ओरपून साडेअकराला आडवं झालं की आम्ल वर येऊन घशाच्या मागच्या भागाला पोळतं. सकाळी आवाज जड, सारखं खाकरावंसं वाटणं, ही त्याची खूण. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. रस्सा दुपारी खा, आमची काही हरकत नाही.

पाणी थोडं थोडं दिवसभर प्या. तंतूंना ते आतून पोचतं, गाण्याच्या पाच मिनिटं आधी ढोसून उपयोग नाही. ज्येष्ठमध चघळायला हरकत नाही, पण रोज भरपूर घेतल्यानं रक्तदाब वाढतो. दाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. झणझणीत पुदिन्याच्या गोळ्यांनी घसा बरा वाटतो, बरा होत नाही. दुखणं कळेनासं होतं आणि माणूस गात सुटतो.

आवाज बसला आहे. रियाज चालू ठेवू?

नाही. सर्दी-खोकल्यानं बसलेल्या घशाला पाच-सात दिवस विश्रांती, साध्या पाण्याची वाफ, कमी बोलणं. कुजबुजूनही बोलू नका, त्यानंही ताण पडतो. खाकरण्याऐवजी आवंढा गिळा.

तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्या. तंबाखू-सिगारेट असेल किंवा गिळताना दुखत असेल तर तीन आठवडेही थांबू नका. फार बोलणाऱ्यांच्या, ओरडणाऱ्यांच्या तंतूंवर बारीक गाठी येतात. शिक्षक, बाजारात पुकारा करणारे, भट्टीच्या कारखान्यात आवाजावर आवाज चढवून बोलणारे, यांच्यात हे जास्त. सुरुवातीला अशा गाठी विश्रांतीनं आणि आवाजाच्या व्यायामानंच बऱ्याचदा जातात. त्यांच्यावर रियाज रेटला तर त्या टणक होतात.

पन्नाशी उलटली. आता होईल का?

होईल. पट्टी एक-दोननं उतरलेली असेल, ती मान्य करा. विशेषतः पाळी गेल्यानंतर बायकांचा आवाज जाड होतो आणि कॉलेजातली पट्टी धरून बसलं की फाटतो. सराव थोडा, पण रोज.

मुलाचा आवाज फुटतो आहे. वर्ग बंद करू?

साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांचा आवाज फुटतो. ताल, ऐकणं, मधल्या पाच-सहा सुरांतलं हलकं गाणं चालू द्या. वरची पट्टी आणि स्पर्धा तेवढ्या थांबवा.

स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकवत नाही. माझा आवाज खरंच असा आहे?

हो, इतरांना तो तसाच ऐकू येतो. एरवी आपल्याला आपला आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही पोचतो; हाडं जाड सूर वाढवतात. रेकॉर्डिंगमध्ये ती भर नसते म्हणून आवाज पातळ वाटतो. आठवड्यातून एकदा, फोन हातभर लांब ठेवून, तेच गाणं रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. प्रतिध्वनीची सोय बंद ठेवा. कराओकेच्या माईकवर तीच सगळे दोष झाकते.

गुरू हवाच का?

पहिले दोन-तीन महिने वर लिहिलेलं एकट्यानं जमतं. त्यानंतर बाहेरचा कान लागतो, कारण आपला कणसूर आपल्याच कानाला सवयीनं गोड वाटू लागतो. शहरात सोय आहे: १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब, शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग, आणि गल्लोगल्लीचे खासगी वर्ग. पहिल्या दिवशी एक गोष्ट बघा. शिकवणाऱ्यानं तुम्हाला एकट्याला गायला लावून पट्टी ठरवली का? वीस जणांना, पुरुष-बायका-मुलं सगळ्यांना, एकाच पट्टीत रेटणाऱ्या वर्गात परीक्षेची प्रमाणपत्रं मिळतील, आवाज मिळेलच असं नाही.

फ्लॅटमध्ये राहतो, शेजारी तक्रार करतात.

स्ट्रॉ, हुंकार आणि फुर्रर्र यांचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही. निम्मा रियाज त्यावर भागतो. खुल्या ‘आ’साठी कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बसा, कपडे आवाज शोषतात. न्हाणीघर टाळा, तिथल्या घुमण्यानं कान फसतो. काचा वर केलेली उभी गाडीही चालते. आणि पहाटे रंकाळ्यावर जाणार असाल तर फेऱ्या मारत गाऊ नका, एका जागी बसून गा. चालताना श्वास तुटतो.